कापूस, म्हैस आणि मेलेलं मीटर

प्रश्न परभणीकडच्या एका मुलाचा आहे. काकांच्या ट्रंकेत त्याला पेंटॅक्स के १००० हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला. ५० एमएमची एफ २ लेन्स आहे, शटर खणखणीत वाजतं, पण आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई जागची हलत नाही. त्याने २०० चा रंगीत रोल टाकला, मोबाइलवर मीटरचं ॲप घेतलं आणि त्यात दिसतील ते आकडे मुकाट्याने लावत गेला. ३६ पैकी ११ फोटो बरे आले. फुटलेल्या कापसाचं शेत मळकट, गोठ्यातली म्हैस भुरकट, आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांचा चेहरा काळाठिक्कर. त्याचं म्हणणं, "सर, ॲप चुकतं की मी चुकतो? आणि मीटर नव्हतं तेव्हा लोक फोटो काढायचे तरी कसे?"

ॲप चुकत नाही. ते त्याचं काम इमानेइतबारे करतं, फक्त त्याचं काम काय आहे ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मीटर म्हणजे मोंढ्यातला असा एक व्यापारी समजा, की त्याच्यापुढे कापूस ओता नाहीतर कोळसा, तो भाव एकच सांगणार, मधला. कॅमेऱ्यातलं मीटर असो की मोबाइलमधलं, समोर काय ठेवलंय ते त्याला कळत नाही. वस्तूवर आपटून परत येणारा उजेड किती, एवढंच त्याला मोजता येतं. आणि समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं गृहीत धरून ते आकडे देतं. स्टुडिओत ग्रे कार्ड म्हणून एक पुठ्ठा मिळतो, पडलेल्या उजेडाच्या १८ टक्के उजेड परत फेकणारा. मीटरच्या लेखी सगळी दुनिया साधारण त्या पुठ्ठ्याच्या रंगाची.

आता तुम्ही कापसाच्या शेतात उभे राहिलात. चौकटीत पांढरंच पांढरं. मीटर म्हणालं, बाप रे, उजेड फार झाला, कमी करा. तुम्ही कमी केलात आणि कापूस करडा झाला. गोठ्यात म्हैस चौकटभर, काळीभोर. मीटर म्हणालं, अंधार आहे, वाढवा. तुम्ही वाढवलंत, म्हैस भुरी झाली. बीबी का मकबऱ्यासमोर सकाळी उभं राहून शेकडो लोक याच कारणाने पांढऱ्या घुमटाचा सिमेंटी घुमट करून घरी आणतात.

म्हशीच्या बाबतीत मात्र मला आणखी एकावर संशय आहे. तुम्ही रोल धुवायला बाहेरगावी पाठवला आणि मोबाइलवर स्कॅन मागवले, बरोबर? स्कॅन करणाऱ्या मशीनमध्येही असाच एक मधल्या भावाचा व्यापारी बसलेला असतो. धुतलेल्या फिल्मवर, म्हणजे निगेटिव्हवर, म्हैस बरोबर उतरली असली तरी तो ती उजळ करून पाठवतो. म्हणून पहिली गोष्ट, निगेटिव्ह परत मागवा. स्कॅन बघून एक्सपोजर, म्हणजे फिल्मला उजेड किती द्यायचा ते, शिकता येत नाही. निगेटिव्ह कशी वाचायची ते पुढे सांगतो.

जुने लोक कसं करायचे? ते वस्तूकडे बघायचेच नाहीत. ते वस्तूवर पडणारा उजेड बघायचे. सगळी मेख इथेच आहे. ऊन कापसावर पडो नाहीतर म्हशीवर, ऊन तेच. उन्हाप्रमाणे आकडे लावले की कापूस पांढरा येतो आणि म्हैस काळी येते, दोघांसाठी वेगळा हिशोब करावा लागत नाही.

मी ज्यांच्या स्टुडिओत उमेदवारी केली त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पहिले सहा महिने त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. दिवसातून चार-पाच वेळा दुकानाच्या फळीवर पावतीपुस्तकातला कोरा कागद ठेवायचे, त्यावर चार बोटं वर पेन्सिल आडवी धरायचे आणि विचारायचे, "काय दिसायलंय?" मी म्हणायचो, सावली. "सावली तर आंधळ्यालाबी कळती. धार बघ." पेन्सिलीच्या सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी असली तर एक आकडा. कड पुसट असली, पण सावली आहे, तर दुसरा. नुसता करडा डाग उरला तर तिसरा. कागदावर काहीच नसेल तर चौथा. बास, एवढंच शिक्षण. आजही मी नव्या जागी गेलो की आधी स्वतःच्या हाताची सावली बघतो, माणसं नंतर.

ते आकडे कुठून आले? कडक उन्हात अपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, एफ १६ ठेवा आणि शटर रोलच्या वेगाइतकं, म्हणजे खोक्यावरच्या १००, २००, ४०० अशा आकड्याइतकं ठेवा. १०० चा रोल असेल तर १/१२५ सेकंद, २०० चा असेल तर १/२५०, ४०० चा असेल तर १/५००. डायलवर जो सगळ्यांत जवळचा आकडा असेल तो. जगभर याला सनी सिक्स्टीन म्हणतात, आम्ही 'सोळाचा हिशोब' म्हणायचो. यात जादू काही नाही. दिवस वर आल्यावर निरभ्र आकाशातलं ऊन ही फार इमानदार गोष्ट आहे. सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत ते जवळपास सारखंच असतं, आपल्या डोळ्याला कितीही कमी-जास्त वाटो. आणि मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. दसऱ्यापासून मृगापर्यंत आभाळ बहुतेक कोरडंच. कोकणातल्या फोटोग्राफरला जे नशीब नाही ते आपल्याला फुकट मिळालंय. पूर्वी रोलच्या खोक्यावर, नाहीतर आतल्या चिठ्ठीवर, सूर्य आणि ढगांची छोटी चित्रं काढून हेच आकडे छापलेले असायचे. आम्ही ती चिठ्ठी कापून कॅमेऱ्याच्या कव्हरमध्ये ठेवायचो.

आता स्टॉप म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, मग सगळं सोपं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. शटरचं सरळ आहे. रुपया, आठ आणे, चार आणे, तसं १/६०, १/१२५, १/२५०. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. अपर्चरचे आकडे मात्र पोरांना गोंधळात टाकतात, कारण आकडा वाढला की भोक लहान होतं. वाटणीचा विचार करा. वडिलोपार्जित रानात एकाला चौथा हिस्सा आला आणि दुसऱ्याला सोळावा, तर मोठा तुकडा कुणाचा? एफ ४ चा. एफ १६ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंथचा, तुमच्या लेन्सवर ५० एमएम लिहिलंय त्याचा, सोळावा हिस्सा, एवढा भोकाचा व्यास. आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात बदलतं, म्हणून क्रम असा विचित्र दिसतो: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. हा पाढा पाठ करा. दर पायरीला उजेड निम्मा. एफ ८ वरून एफ ५.६ वर आलात तर उजेड दुप्पट झाला. तो तसाच ठेवायचा असेल तर शटर एक पायरी जलद करा. एफ १६ ला १/१२५, एफ ११ ला १/२५०, एफ ८ ला १/५००, फिल्मच्या लेखी तिन्ही एकच.

तुमच्या २०० च्या रोलसाठी माझ्या वहीतले आकडे देतो. एक गोष्ट आधी सांगतो: रंगीत निगेटिव्हला मी नेहमी हिशोबापेक्षा एक स्टॉप जास्त देतो. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पोटात घालते, दोन-तीन स्टॉप जास्त झाले तरी प्रिंट निघते. एक स्टॉप कमी झाला की मात्र सावल्या चिखल होतात, आणि जे फिल्मवर उतरलंच नाही ते कुठलाही लॅबवाला आणून देऊ शकत नाही. म्हणून खाली जे आहे त्यात तो एक जादा स्टॉप धरलेला आहे.

शटर १/२५० वर ठेवून द्या आणि विसरून जा. सावलीची धार कडक असेल तर एफ ११. पातळ ढग किंवा उन्हाळ्यातली धुळकट हवा, सावली आहे पण कड विरलेली, तर एफ ८. ढगाळ, सावली जेमतेम, तर एफ ५.६. श्रावणातली झड, आभाळ भरून आलेलं, सावली नाही, तर एफ ४. भर उन्हात लिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीत बसलेला माणूस, ज्याच्यावर मोकळ्या आभाळाचा उजेड येतो, त्यालाही एफ ४. ओसरीवर आत सरकून बसलेली आजी असेल तर एफ २.८ आणि शटर १/६०. घरात, दारातून येणाऱ्या उजेडात, एफ २ आणि १/३०, कोपर भिंतीला टेकवून आणि श्वास रोखून. १/६० च्या खाली हात हलतो हे गृहीतच धरा.

ही सगळी पाठ करायची गरज नाही. कडक उन्हाचा एक आकडा पाठ ठेवा आणि तिथून पायऱ्या मोजत उतरा.

देवळाच्या पायरीवरच्या आजोबांकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. हेमाडपंती देऊळ काळ्या दगडाचं, आजोबा मंडपाच्या सावलीत, मागे उन्हात न्हालेलं अंगण आणि पांढरं आभाळ, असंच असणार. मोबाइलने आभाळ आणि अंगण धरून सरासरी काढली. चेहरा सावलीत, सावली उन्हापेक्षा तीन-चार स्टॉप खाली. मग चेहरा काळा येणार नाही तर काय? इथे ठरवावं लागतं की फोटो कुणाचा आहे. आजोबांचा असेल तर सावलीचे आकडे लावा, एफ ४ ला १/२५० नाहीतर १/१२५, आणि अंगण पांढरंफटक होऊन फुटलं तर फुटू द्या. निगेटिव्हवर तेही बरंचसं वाचतं. अंगणाचा असेल तर आजोबा नुसती काळी आकृती म्हणून येऊ द्या, तेही वाईट दिसत नाही. दोन्ही हवं असेल तर आजोबांना 'बाबा, जरा इकडं कडेला सरका' म्हणावं. हा उपाय कुठल्याही मीटरपेक्षा स्वस्त आहे आणि मी आयुष्यभर तोच वापरला.

दुपारच्या उन्हाचं आणखी एक. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. त्याच्या मागेपुढे महिनाभर, बारा ते दोन, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत ऊन जातच नाही. त्यात गांधी टोपी, पटका किंवा पुढे ओढलेला पदर असेल तर कपाळाखाली सगळा अंधार. सोळाचा हिशोब लावाल तर पांढरा सदरा झकास येईल आणि चेहऱ्याच्या जागी भोक. अशा वेळी उन्हातल्या माणसालासुद्धा दोन स्टॉप जास्त द्यायचे, म्हणजे तुमच्या रोलवर एफ ५.६. किंवा सरळ चहा प्यायला जायचं आणि चारनंतर यायचं. मी बहुतेक वेळा चहाच प्यालो.

मीटर किंवा ॲप वापरूच नका असं मी म्हणत नाही. वापरा, पण त्याला तुमच्या पसंतीची वस्तू दाखवा. सगळ्यांत सोपी वस्तू म्हणजे स्वतःचा तळहात. माणूस सावळा असो की गोरा, तळहात सगळ्यांचा थोडा उजळच असतो, मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप वर. ज्या उजेडात फोटो काढायचा त्याच उजेडात, त्याच दिशेला तोंड करून तळहात धरा. मोबाइल एवढा जवळ न्या की चौकटीत दुसरं काही राहणार नाही, आणि हातावर मोबाइलची सावली पडू देऊ नका. जो आकडा येईल त्यापेक्षा एक स्टॉप उघडा, म्हणजे उजेड दुप्पट द्या. तुमचा हात नेमका किती उजळ आहे हे एकदा कडक उन्हात सोळाच्या हिशोबाशी ताडून बघा, मग जन्मभराची सोय झाली. हात घरी विसरत नाही.

वस्तूच मोजायची वेळ आली तर व्यापाऱ्याशी घासाघीस करा. कापूस, चुना लावलेली भिंत, मकबरा: मीटर सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप उघडा. म्हैस, काळी माती, वेरूळचा बेसाल्ट: एक ते दोन स्टॉप बंद करा. नांगरलेल्या काळ्या रानात उभी असलेली पांढरी बैलजोडी असेल तर मीटरला विचारूच नका, सावलीची धार बघा.

वेरूळचं नाव निघालंच आहे तर तिथली गंमत सांगतो. कैलास, म्हणजे १६ नंबरचं लेणं, वरून खाली खोदत आणलेलं आहे आणि त्याचं तोंड पश्चिमेला. मागचा कडा सुमारे शंभर फूट उंच. त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर अंगण अख्खं त्या कड्याच्या सावलीत असतं आणि वर आभाळ मात्र लख्ख. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आभाळासकट अख्खं लेणं चौकटीत घेतलं, उन्हाचे आकडे लावले आणि घरी काळा डोंगर घेऊन आलो. तेव्हापासून माझा रिवाज असा की सकाळी आभाळ चौकटीबाहेर ठेवायचं आणि सावलीचे आकडे लावून हत्ती, स्तंभ, भिंतीवरची शिल्पं टिपायची. सगळीकडे सारखा मऊ उजेड मिळतो, पटापट काम होतं. अख्खं लेणं हवं असेल तर दुपारनंतर, ऊन समोरून आत शिरतं तेव्हा. तेव्हा सोळाचा हिशोब जसाच्या तसा चालतो, मात्र खोल कोनाड्यांतल्या मूर्ती हव्या असतील तर दोन स्टॉप जास्त. १० नंबरच्या चैत्यातही दुपारनंतरच जावं, दर्शनी खिडकीतून उजेड आत येतो. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा; रोल भरून जाऊन दारातून परत आलेले मी बघितलेत. अजिंठ्याला आत फ्लॅश चालत नाही आणि उजेड चित्रांच्या तब्येतीला जपून ठेवलेला. तुमचा २०० चा रोल तिथे थिटा पडेल. ४०० चा न्या, एफ २ ला १/१५, आणि तरी निम्मे फोटो हलणार हे धरून चाला.

आता माझी एक फजिती. मीटरवाला कॅमेरा मिळाला की माणूस डोळे मिटतो, त्याचं हे उदाहरण. नव्वदीतली गोष्ट, अंबाजोगाईजवळच्या एका गावात लग्न होतं. आदल्या रात्री दुसरीकडे गोंधळाचे फोटो ४०० च्या रोलवर काढले होते. सकाळी घाईत १०० चा रोल भरला, पण कॅमेऱ्यावरचा वेगाचा आकडा ४०० वरच राहिला. मीटरची सुई दरवेळी बरोब्बर मध्ये येत होती, मी खूश. मोकळ्या मांडवात सीमांतपूजन, अक्षता, सगळं दोन स्टॉप कमी. प्रिंट आल्या तेव्हा शालूचा लाल रंग विटकरी झालेला आणि प्रत्येकाच्या डोळ्याखाली राख फासल्यासारखी. खरं तर त्या दिवशी कडक ऊन होतं. १०० च्या रोलला सुई एफ १६ आणि १/५०० दाखवत होती, आणि सोळाचा हिशोब मला झोपेत येत होता. बघितलंच नाही. निम्मे पैसे परत दिले. नवरीचे वडील नुसते अल्बम चाळत राहिले आणि म्हणाले, "फोटो काळं निघालं म्हणा की, लेक तर आमची गोरीच हाय."

तुमच्या के १००० वर हा आकडा शटरच्या डायलमधल्या छोट्या खिडकीत असतो, डायलची बाहेरची कडी वर उचलून फिरवायची. मीटर मेलेलं आहे तोवर त्याचा फोटोवर काहीच परिणाम नाही, कोणता रोल भरलाय त्याची आठवण म्हणून तो बरोबर ठेवा. पण मीटर खरंच मेलंय का तेही बघा. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता आणि याच्यात मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर टोपण लावलं की अंधार होतो आणि मीटर झोपतं, एवढीच सोय. काकांनी टोपण न लावता ठेवला असेल तर सेल कधीच संपला. खालची गोल चकती नाण्याने उघडा, एलआर ४४ चा नवा सेल टाका, आतली तांब्याची पट्टी हिरवी झाली असेल तर खोडरबराने घासा. निम्म्या वेळा सुई उठून बसते. नाही उठली तरी बिघडत नाही, या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेलचा त्याच्याशी संबंध नाही.

शटरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चाळीस वर्षांची स्प्रिंग आणि कापडी पडदा आहे. रोल नसताना मागचं दार उघडा, लेन्स काढा, उजळ भिंतीकडे धरून १/१००० वर शटर दाबा. चौकटीची एक बाजू काळी दिसली तर मागून येऊन झाकणारा दुसरा पडदा उघडणाऱ्या पहिल्याला गाठतोय. १/५०० वर बघा, मग १/२५० वर. सहसा १/२५० पासून खाली सगळं ठीक निघतं, म्हणून तर वरचे सगळे आकडे मी त्यावर बांधले. फ्लॅश लावणार असाल तर १/६० किंवा त्याच्या खाली, नाहीतर अर्धी वरात अंधारात जाईल.

काकांच्या ट्रंकेत जुने रोल सापडले असतील तर तेही वापरा, पण दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त द्या. ट्रंक पत्र्याच्या खोलीत असेल तर आणखी एक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली फिल्म भाजून निघते. नवा रोलही गाडीच्या काचेपुढे ठेवू नका.

स्लाइड फिल्मच्या, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट सरळ चित्र येतं तिच्या, वाटेला एवढ्यात जाऊ नका. तिचा हिशोब उलटा: जास्त उजेड तिला अजिबात सहन होत नाही, अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते, आणि रोल महाग.

निगेटिव्ह हातात आल्या की खिडकीजवळ या. आधी फोटोकडे बघू नका, फिल्मच्या कडेला कारखान्यातून आलेले आकडे आणि कंपनीचं नाव असतं ते बघा. ते गडद आणि ठळक असेल तर धुलाई नीट झालेली आहे, म्हणजे पुढचं पाप आपलं. तेही फिकट असेल तर लॅबवाल्याशी बोला. मग फोटो. चौकट काचेसारखी पातळ असेल तर उजेड कमी पडला. दाट, आरपार बघायला जड जात असेल तर जास्त झाला. दाट निगेटिव्ह बघून घाबरू नका, पातळ बघून घाबरा. तुमच्या पंचवीस बिघडलेल्या फोटोंत पातळच जास्त निघणार, मी पैज लावतो.

दुसऱ्या रोलवर एक काम करा. ३६ मधले सहा फोटो शिक्षणासाठी बाजूला काढा. त्याच शेतात, त्याच वेळी, सावलीची धार कडक असताना, कापसाचे तीन: एफ १६, एफ ११, एफ ८, शटर १/२५०. म्हैस उन्हात आणून बांधा आणि तिचेही तीन, तेच आकडे. खिशात वही ठेवा आणि फोटो नंबर, अपर्चर, शटर, सावली कशी होती ते तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेलं सगळं खोटं असतं. रोल धुवून आला की त्या सहा चौकटी शेजारी शेजारी धरा. निगेटिव्हवर सगळं उलटं उतरतं, म्हणून कापूस काळा दिसेल, पण त्या काळ्यातही बोंडाबोंडातले पुंजके वेगळे ओळखू आले पाहिजेत. म्हैस पारदर्शक दिसेल. तिच्या पाठीवरची उन्हाची चमक आणि बरगड्यांची रेघ दिसली तर आकडा बरोबर. नुसतीच कोरी फिल्म दिसली, तर पुढच्या वेळी तिला एक स्टॉप जास्त द्या.